पाच कॅसेटा आणि लाल बटन

३ जानेवारी, शुक्रवार

हो म्हणून बसलो! किशोरचा फोन आला, दोन मिनिटं इकडचं तिकडचं झालं, आणि मी हो म्हणून मोकळा.

त्यांच्या श्रोता मंडळाचा वाढदिवस आहे सव्वीस तारखेला. विषय काढला आहे – मेळघाटात एकटेच अडकलात, फोनला रेंज नाही, बोलायला माणूस नाही, वर्षभर जवळ फक्त पाच अल्बम. कोणते न्याल? चार जण आधी बोलणार, शेवटी मी. पाहुणा म्हणून! पत्रिकेवर ‘अकोल्याचे जुने कॅसेटवाले’ असं छापणार म्हणे. दुकान बंद होऊन अठरा वर्षं झाली. आज मी अकोल्यापासून दूर, नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात स्टोअर सांभाळतो, सुताचे बॉक्स आत घेतो, बाहेर देतो. पण किशोरच्या लेखी मी अजून काउंटरमागेच उभा आहे.

मी म्हटलं, दुसरा कोणी पाहा. तर म्हणतो, ‘‘गज्या, हा सवाल म्या सगळ्यात पयले तुलेच इचारला होता. तुह्या दुकानात, अठ्ठ्याण्णव साली. इसरला का?’’

विसरलो नाही. विसरता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

४ जानेवारी, शनिवार

पाच अल्बम. पहिला खर्डा –

बासरी. दोन्ही बाजूंना एकच राग. (दुसऱ्या बाजूला मला हमखास झोप लागते. हे बोलायचं नाही.)

गझला. निम्मी उर्दू डोक्यावरून जाते, पण मान बरोबर ठिकाणी डोलवता येते. दुकानात राहून तेवढं शिकलो.

नाट्यसंगीत. हे पौर्णिमानं जाता जाता खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, तुम्ही हे कधी ऐकलं? मी म्हटलं, तुला काय माहीत. तिला सगळं माहीत आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझ्याकडं एकही नाट्यसंगीताची कॅसेट नव्हती, विकायला होती तेवढीच.

इथं पेन थांबलं. कारण चौथं खरं लिहावंसं वाटलं. मोर्शीकडचा एक ट्रकवाला नव्वद मिनिटांची कॅसेट भरायला देऊन गेला होता, संत्र्याच्या सीझनमध्ये. विडीच्या पाकिटावर यादी लिहिलेली. सगळी रडकी गाणी, आणि मधोमध एक लहान पोराचं बडबडगीत! तो परत आलाच नाही. ती कॅसेट मी इतकी ऐकली की पट्टी पातळ झाली. कोण होता, कोणासाठी भरत होता, काही माहीत नाही. मेळघाटात मी ती नेईन. पण हे किशोरच्या मंडळासमोर बोलायची माझी छाती नाही. तिथं डॉक्टर बसतात, प्राध्यापक बसतात.

छप्पन वर्षांचा बाप्या माणूस, आणि आपल्याला कोणतं गाणं आवडतं याबद्दल खोटं बोलतो! कान गरम झाले लिहिताना.

५ जानेवारी, रविवार

लिहूनच टाकतो. या वहीला तोंड नाही.

आमच्या दुकानाचं खरं काम विकण्याचं नव्हतं, भरून देण्याचं होतं. लोक कोरी कॅसेट घ्यायचे, गाण्यांची यादी द्यायचे – लग्नपत्रिकेच्या पाठीवर, वहीच्या फाटक्या पानावर – आणि मी ती गाणी एकामागे एक भरून द्यायचो. कोणी आपल्या घरची कॅसेट आणायचं, नक्कल करून द्या म्हणायचं. माझ्याकडं दोन खणांचं मशीन होतं. डावीकडं भरलेली कॅसेट लावायची, उजवीकडं कोरी, आणि बटन दाबायचं. डावीकडचं उजवीकडं दुप्पट वेगानं उतरतं. पहिलीतल्या पोरालाही जमेल.

डिसेंबर अठ्ठ्याण्णव. पार्बताबाई आली. तिची फुलांची वाडी होती अकोल्याबाहेर, बाजारात हार विकायची. मी तिला मावशी म्हणायचो. त्या मे महिन्यात तिच्या ओमप्रकाशचं लग्न झालं, तेव्हा तिच्या मोठ्या बहिणीनं, माणिकबाईनं, हळदीची गाणी म्हटली होती. कोणीतरी टेपरेकॉर्डरचं लाल, रेकॉर्डिंगचं बटन दाबून ठेवलं. दिवाळीच्या तोंडावर माणिकबाई काविळीनं गेली. लहानपणी आई मेली तेव्हा याच बहिणीनं पार्बताबाईला वाढवलं होतं. तिचा आवाज म्हणून जगात जे काही उरलं ते त्या एका कॅसेटीत. मावशी म्हणाली, आम्ही तिघी बहिणी मागं राहिलो, तिघींपाशी एकेक राहू दे.

मी लावून पाहिली. दोन मिनिटं ऐकली, चांगली होती. मग चहा आला, आणि चहासोबत किशोर आला. काउंटरला कोपर टेकून म्हणाला, एकटाच अडकला कुठं, तर कोणत्या पाच कॅसेटा नेशील? झालं! मी सुरू. समोर दोन कॉलेजच्या पोरी पण उभ्या होत्या, मग काय. बासरी काय, गझला काय. बोलता बोलता हातानं कॅसेटा लावल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. तिच्या कॅसेटीवर हळदीच्या बोटाचा डाग होता, एवढीच खूण. मी पाहिलंच नाही. कोरी डावीकडं लावली आणि तिची उजवीकडं.

एक बाजू संपली. न बघता दोन्ही उलट्या केल्या. तोंड चालूच.

अर्ध्या तासात माणिकबाई पुसली गेली. मी बडबडत होतो आणि माझ्या कोपराशेजारी ते मशीन इमानदारीनं ती बाई पुसत होतं.

किशोर गेल्यावर लावून पाहिली. सूंऽऽऽ. उलटी करून पाहिली. सूंऽऽऽ.

आता पुढचं. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, पौर्णिमालाही नाही. संध्याकाळी मावशी रिकामी टोपली घेऊन आली. मी तोंड पाडून म्हणालो, ‘‘मावशी, हे तं कोरीच आहे. घरी कोनं लाल बटन दाबलं असंल. नवं मानूस आहे का कोनी घरात?’’

ती म्हणाली, ‘‘सून आहे नवी.’’

मी म्हणालो, ‘‘मंग झालं.’’

दोन शब्द! तिनं ती कोरी कॅसेट पदरात बांधली. मी वरून भजनाची एक कॅसेट तिला भेट दिली. तिनं मला आशीर्वाद दिला – भला मानूस आहेस बाबू, म्हणाली.

९ जानेवारी, गुरुवार

काही लिहायचं नाही आज.

११ जानेवारी, शनिवार

अकोल्याला गेलो. पुतण्याच्या गाळ्यात जुन्या कॅसेटींचा खोका पडून आहे, किशोरला टेबलावर मांडायला पाहिजे. माझ्या दुकानात आता पुतण्या मोबाइलचे कव्हर विकतो. खोका घेतला, निघालो, आणि फुलबाजाराच्या तोंडाशी कोणीतरी हाक मारली – गजूभाऊ! कॅसेटवाले!

ओमप्रकाश. पार्बताबाईचा. केस पिकले, पोट सुटलं, पण ओळखला. शेवंतीच्या ढिगामागून उठून आला, माझा हात सोडेना. खोका पाहून तर हसायलाच लागला. म्हणाला, आमच्या घरी तुमचं नाव अजून निघते भाऊ.

मला वाटलं भजनाच्या कॅसेटीमुळं. बह्याड मी!

हसत हसत सांगितलं त्यानं. त्याच्या बायकोचं नाव वर्षाली, पण घरात, भावकीत, सगळीकडं तिला ‘लालबटन’ म्हणतात. तिनं लग्नातली कॅसेट पुसली म्हणून. मिक्सर बिघडला – लालबटनचा हात लागला असंल. टीव्ही बंद पडला – लालबटनले इचारा. घरी मोटरपंपाची कळ ती दाबत नाही, पोरांना हाक मारते. ‘‘मानिकमावशीचा आवाज होता ना तो. आई दीड वर्ष बोलली नाई तिच्याशी. सोबत हार गुंफाच्या, पन एक शब्द नाई. मंग एक दिवस तिनं कबूल केलं – हाव, म्याच दाबलं, मले समजलं नाई. रडली बम. तवापासून आई सुधरली. आता तं लेकीच्या वर ठेवते.’’

कबूल केलं!

जे केलंच नाही ते. एकोणीस वर्षांची होती ती तेव्हा. दीड वर्ष सासू बोलेना म्हणून तिनं माझी चूक आपल्या अंगावर घेतली, आणि त्यावर घरात शांतता झाली.

ओमप्रकाशनं झेंडूचा हार बळेच पिशवीत घातला. चहा पाजला. मी तो प्यालो. परतताना बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत खोका मांडीवर धरून बसलो होतो. शेजारचा म्हातारा म्हणाला, काय आहे त्यात, जपून धरलं लय? मी म्हटलं, काही नाही, भंगार.

१२ जानेवारी, रविवार

बाजू मांडतो. माझ्याच विरुद्ध माझी.

सव्वीस वर्षं झाली. आता आवाज परत येणार आहे का? नाही.

त्यांच्या घरी आज सगळं बरं चाललं आहे. तोच म्हणाला, लेकीच्या वर. मग उगाच जाऊन कशाला उकरायचं?

आणि ‘लालबटन’ हे नाव तर लाडाचं झालं असेल. आमच्या वलगावात एकाला ‘बोंबल्या’ म्हणतात, तो स्वतःच तसं नाव सांगतो.

लिहिलं आणि वाचलं. तिन्हींपैकी एकही कारण तिच्यासाठी नाही. तिन्ही माझ्यासाठीच आहेत.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारीपाजारी तीळगूळ वाटला. दिवसभर गोड बोललो. जिभेला सवयच आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

किशोर रोज विचारतो, यादी झाली का. त्याला पत्रिकेत सगळ्यांची पाच-पाच नावं छापायची आहेत. आज म्हणाला, त्या दिवशी दुकानात तू काय सुरेख बोलला होतास, अर्धा तास, मी जागचा हललो नव्हतो. तसंच बोल फक्त.

तसंच!

कारखान्यात पण लक्ष नाही. आज दोन नंबरच्या सुताचा माल चार नंबरच्या रॅकवर लावला. सुपरवायझर पोरगा वर्षा-दोन वर्षांचाच आहे नोकरीत, म्हणाला, काका, डावं-उजवं होते कधी कधी. मी त्याच्याकडं नुसता पाहत राहिलो. त्याला वाटलं मला राग आला.

त्या दोन मिनिटांत काय ऐकलं होतं, ते आठवायचा प्रयत्न करतो. आधी खोकला. मग कोणी बाई हसते. मग भांडं पडतं, जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं असावं, आवाज तसा होता. मग कोणीतरी म्हणतं, ‘‘अवं तेल आन आंधी.’’ आणि मग माणिकबाई. जाड, घोगरा आवाज, गाणारीचा नव्हेच. पण सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या होत्या, हे पक्कं आठवते. चाल आठवत नाही. किती डोकं खाजवलं, चाल येत नाही.

जगात तो आवाज शेवटचा मी ऐकला. आणि मला तो आठवत नाही.

१९ जानेवारी, रविवार

पौर्णिमाला सांगितलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन हातातच राहिलं. सगळं सांगितलं – डावी बाजू, उजवी बाजू, ‘मंग झालं’ पण.

वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या, माणसाकडून होते. ती असं बोलणारी नाही हे एकतीस वर्षांत कळायला पाहिजे होतं. तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, ‘‘मला सांगून काय होणार? ज्यांचं नुकसान केलं त्यांना सांगा.’’ आणि पुन्हा वह्या.

थोड्या वेळानं परत म्हणाली, आणि सांगायचंच असेल तर आधी ठरवा, त्यांच्यासाठी सांगायचं आहे की तुम्हाला मोकळं व्हायचं आहे.

मास्तरीण! सगळ्याचे दोन भाग करते. मी म्हटलं, दोन्ही एकच. तिनं पुढची वही ओढली.

२३ जानेवारी, गुरुवार

शरमेनं मान वर होत नाही. लिहितो तरी.

तीन दिवस डोक्यात एक भारी कल्पना होती. कार्यक्रमातच सांगायचं! चार अल्बम सांगायचे, आणि पाचव्याला थांबायचं. मग म्हणायचं, पाचवी कॅसेट आता जगात नाही, ती मी पुसली. सभागृह चिडीचूप. मग माणिकबाईची गोष्ट. शेवटी हात जोडायचे.

आज संध्याकाळी मोरीतल्या आरशासमोर तालीम करून पाहत होतो. कुठं थांबायचं, आवाज कुठं उतरवायचा. ‘‘ती मी पुसली’’ हे तीन प्रकारे म्हणून पाहिलं. तिसरा प्रकार चांगला होता. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या! आणि तेवढ्यात दारात पौर्णिमा, टॉवेल घेऊन.

म्हणाली, ‘‘टाळ्या पण पाहिजेत का?’’

टॉवेल खुंटीला टांगला आणि गेली. मी आरशात माझं तोंड पाहिलं. ओल्या डोळ्यांचं. अशी किळस मला माझी कधी आली नव्हती. बाई पुसली, सून बदनाम केली, आणि आता त्याचाही कार्यक्रम करायला निघालो होतो!

त्याच बडबडीपायी तर सगळं झालं होतं.

२६ जानेवारी, रविवार

कार्यक्रम झाला. झेंडावंदनानंतर, साईनगरच्या हॉलमध्ये. साठेक लोक.

बासरी, गझला, नाट्यसंगीत, एक खंजेरी भजनाची – लोकांना आपल्या मातीचं लागते – आणि पाचवी एका परदेशी वाद्यवृंदाची, जी मी आयुष्यात एकदा लावली आणि बंद केली. माणिकबाईचं नाव काढलं नाही. ट्रकवाल्याचंही नाही. अठरा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. एक डॉक्टर येऊन म्हणाले, काय व्यासंग आहे तुमचा. मी मान खाली घातली, त्यांना तो विनय वाटला.

किशोरनं शाल दिली. पौर्णिमा शेवटच्या रांगेत होती. घरी आल्यावर तिनं शाल कपाटात ठेवली आणि विचारलं, भाजी कोणती करू.

२७ जानेवारी, सोमवार

रविवारी अकोल्याला जाणार. नक्की.

२९ जानेवारी, बुधवार

ओमप्रकाशला फोन केला. म्हटलं, सहज येतो, मावशींना भेटायला. तो हरखून गेला. जेवूनच जा म्हणाला. नाही, चहाच, म्हटलं.

आता मागं फिरता येत नाही. म्हणूनच फोन केला. माझा माझ्यावर भरवसा नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

सांगितलं! लिहितो, सगळं क्रमानं.

वाडी तशीच आहे, आजूबाजूला फ्लॅट आले. अंगणात गोणपाट पसरलेलं, त्यावर शेवंती, निशिगंध. पार्बताबाई बाजेवर बसल्या होत्या. वाळल्या फार, डोळ्यांवर जाड भिंग, पण कान तल्लख. मी पाया पडलो. म्हणाल्या, कॅसेटवाला बाबू ना? भला मानूस.

सव्वीस वर्षांनी, तेच शब्द.

वर्षाली ओसरीवर हार गुंफत होती. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. पंचेचाळीसची असेल, उंच, शांत चेहरा. सासूला अधूनमधून न मागता पाणी देत होती, पाठीमागची उशी सरकवत होती. सासू तिला वरषू म्हणते. ओमप्रकाश मात्र म्हणालाच, ‘‘लालबटन, चाय टाक भाऊसाठी.’’ ती हसली पण. सवयीचं हसू.

मी म्हटलं, चहा नंतर. आधी माझं ऐका. आणि ऐकवलं. बसून नाही, उभा राहून. आरशासमोर केलेलं एक वाक्य आठवलं नाही, देवाची कृपा. तुटक तुटक बोललो. मावशी, तुमची कॅसेट घरी कोणी पुसली नव्हती. माझ्या हातानं पुसली गेली. मी कॅसेटा उलट्या लावल्या होत्या. आणि मग मी तुमच्या सुनेवर ढकललं. तिनं काहीच केलं नव्हतं.

ओमप्रकाशचं तोंड उघडंच. पार्बताबाई हलल्या नाहीत. मला वाटलं, शिव्या देतील. द्यायला पाहिजे होत्या. त्यांनी एवढंच विचारलं –

‘‘पुसाच्या आंधी तुमी आयकली होती का?’’

‘‘दोन मिनिटं, मावशी.’’

‘‘काय होतं?’’

मी सांगितलं. खोकला. हसणारी बाई. पडलेलं भांडं. ‘अवं तेल आन आंधी’. मग सगळ्या गप्प, आणि माणिकबाईचा आवाज, जाड, घोगरा. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. भांड्याशी आल्यावर म्हणाल्या, ‘‘ते म्याच पाडलं होतं.’’ आणि पुढं म्हणाल्या, ‘‘चाल कोनती होती?’’

मी म्हटलं, आठवत नाही.

त्यांनी मान हलवली. पदरानं भिंग पुसलं, पुन्हा लावलं. मग सुनेकडं बघून म्हणाल्या, ‘‘चाय टाक माय.’’ लालबटन नाही, वरषू नाही. माय म्हणाल्या.

वर्षालीचे हात केव्हाचे थांबले होते. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं, सुई शेवंतीत टोचून ठेवली आणि आत गेली. मी तिच्याशी वेगळं काही बोललो नाही. काय बोलणार? तिच्यावरचा डाग तर तिच्या देखतच उतरला होता. चहा प्यालो. निघालो. ओमप्रकाश फाटकापर्यंत आला, पण हार दिला नाही. बरोबरच आहे त्याचं.

३ फेब्रुवारी, सोमवार

किती हलकं वाटते! सकाळी कारखान्यात जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. डब्यातली वांग्याची भाजी पुरली नाही, शेजारच्याच्या डब्यात हात घातला.

संध्याकाळी खोक्यातली ट्रकवाल्याची कॅसेट लावली, घरचा जुना टेपरेकॉर्डर चालतो अजून. बडबडगीत आलं तेव्हा पौर्णिमा म्हणाली, हे काय ऐकता? मी म्हटलं, माझी खरी आवड. लाज वाटली नाही म्हणायला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपण बरे आहोत. निदान सांगितलं तरी.

पौर्णिमानं विचारलं, ती सून काय म्हणाली? मी म्हटलं, काही नाही, चहा केला. ती भाकरी थापत होती, थांबली, पुन्हा थापायला लागली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वर्षालीचा फोन, दुपारी, स्टोअरमध्ये.

सोमवारी सकाळी पार्बताबाईंनी आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसल्या, आणि अंगणात सगळ्यांदेखत सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं. ही मागं सरकली तर तशाच गुडघ्यांवर पुढं सरकत आल्या. ऐंशी वर्षांची म्हातारी. तेव्हापासून सुनेसमोर मान वर करत नाहीत. तिनं दिलेलं पाणी घेत नाहीत, स्वतः उठून घेतात. स्वतःचं ताट स्वतः घासतात. जेवतात दोन घास. म्हणतात, कोणत्या तोंडानं तुह्या हातचं खाऊ.

‘‘ते सगळं मिटलं होतं, भाऊ,’’ ती म्हणाली. रडत नव्हती. ‘‘म्या मिटवलं होतं. त्याईले मरेपर्यंत म्या कळू देनार नव्हती.’’ मग म्हणाली, ‘‘येऊन सांगाच्या आंधी तुमी मले एकडाव इचारलं काहून नाई?’’

तिला विचारायचं मला सुचलंच नव्हतं.